टाइप एकच असणं वेगळं, मूल्य ठेवता येणं वेगळं

पास्कल या प्रोग्रामिंग भाषेचा छोटा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) लिहायला घेतलास, फार छान. ‘दोन टाइप, म्हणजे मूल्यांचे प्रकार, एकच आहेत का’ आणि ‘हे मूल्य त्या व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं का’ हे दोन प्रश्न एकाच फंक्शनमध्ये कोंबू नकोस. इंटिजर (पूर्णांक) रिअलमध्ये (दशांश संख्येत) ठेवता येतो, उलट नाही. व्हार पॅरामीटरला (ज्यात मूल्याची प्रत नाही, मूळ व्हेरिएबलच फंक्शनकडे जातं) मात्र नेमका तोच टाइप लागतो, तिथे ही सवलत नाही. मी दोन्ही तपासण्या एकत्र केल्या होत्या. व्हार रिअलच्या जागी इंटिजर गेला की शेजारची मेमरी बिघडायची. ते सापडायला दोन रात्री लागल्या.

मूळ पास्कलमध्ये ‘समान टाइप’ची व्याख्या संदिग्धच होती. १९८३ च्या आयएसओ ७१८५ मानकाने नावावर आधारलेला नियम पक्का केला. त्यामुळे एकाच घोषणेतले दोन अ‍ॅरे एकमेकांना देता येतात. तंतोतंत तसाच अ‍ॅरे वेगळ्या घोषणेत पुन्हा लिहिलास तर नाही. कोडमध्ये हे सोपं आहे: प्रत्येक नव्या टाइप-वर्णनाला नवा नोड (कंपायलरने मेमरीत ठेवलेली त्या टाइपची नोंद), तुलना फक्त पॉइंटरची, म्हणजे त्या नोंदीच्या पत्त्याची. जुन्या टाइपला नुसतं दुसरं नाव दिलं असेल तर जुनाच नोड वापर.

पुढे कधी नावाऐवजी आतल्या रचनेवरून टाइपची तुलना करायची झाली, तर स्वतःच्याच टाइपकडे पॉइंटर असलेल्या रेकॉर्डपाशी (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या टाइपपाशी) ती संपणारच नाही. तपासत असलेली जोडी नोंदवून ठेव. तीच पुन्हा आली की समान धर.