उजव्या बाजूचा रुमाल

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

खुर्चीत बसेपर्यंत तिने ओढणी दोनदा सारखी केली. वय सव्वीस, नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्सची नोकरी, लग्न चार महिन्यांवर. "मॅडम, पर्सनल लोन घ्यायचंय. घरी काय सांगू?" बँकेऐवजी चुकून माझ्यासारख्या समुपदेशकाकडे आली की काय, असं मला क्षणभर वाटलं. लोन कशासाठी, हे बाहेर यायला अर्धा तास गेला.

ऑपरेशनसाठी. तिची उजवी छाती डावीपेक्षा लहान होती आणि लग्नाआधी तिथे सिलिकॉन बसवून घ्यायचं होतं. कॉलेजपासून ती उजव्या कपात घडी केलेला रुमाल ठेवत आली होती. गाडीवरून उतरली की आधी तो सरकलाय का ते बघायचं. मैत्रिणी वणीला मुक्कामाला निघाल्या तेव्हा हिने पाळीचं निमित्त काढलं.

"कुणी काही बोललं का?"

"नाही. पण आता तो बघेल ना."

या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो: माझं असं का, हे नॉर्मल आहे का? दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असणं हेच विरळ. थोडाफार फरक बहुतेकींत असतो, आणि पुष्कळदा डावी बाजू किंचित मोठी असते. ठेवण, स्तनाग्राचा रंग, ते बाहेर आलेलं की आत वळलेलं, सगळंच प्रत्येकीचं निराळं. आईकडून-वडिलांकडून आलेलं, अंगावरची चरबी, पाळीचे दिवस, गरोदरपण, वय, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. आकार मुख्यतः चरबीवर ठरतो आणि दूध ग्रंथींत तयार होतं, म्हणून "लहान छातीला दूध कमी" हेही खरं नाही. तेलं आणि क्रीम म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. व्यायामाने खालचा स्नायू बळकट होतो. स्तनात व्यायामाने वाढेल असा स्नायू नसतोच.

तरी आधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. फरक अचानक पडला, गाठ लागली, त्वचेला खळी पडली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर समुपदेशकाकडे वेळ घालवू नये. हिच्या बाबतीत तसलं काही नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "आजवर किती बायकांची छाती पाहिलीस गं?"

ती लाजली. मग म्हणाली, "फोनवरच."

"प्रत्यक्षात?"

बराच वेळ गप्प. मग एकदम, "रामकुंडावर!" २०१५ च्या सिंहस्थात गावाकडून आज्या, मावश्या, शेजारणी आल्या होत्या. ओलं लुगडं बदलताना आडोशाला साडी धरायचं काम हिच्याकडे. "एकीचंही दुसरीसारखं नव्हतं हो. एका आजीची एक बाजू तर पार खाली. ती मला ओरडली, नीट धर, झोपलीस का!" बोलता बोलता ती हसत सुटली. अकरा वर्षं सोबत असलेलं हे दृश्य तिने कधी हिशेबात धरलंच नव्हतं. अकाउंट्सवाली असून!

ऑपरेशन करू नको, असं मी म्हणाले नाही. फार जड छातीने मान-खांदे धरलेल्या, कॅन्सरनंतर स्तन गमावलेल्या, दोन बाजूंत खूपच तफावत असलेल्या बायकांना स्तनांवरच्या ऑपरेशनचा आधार होतो. पण चार महिन्यांच्या धास्तीने घ्यायचा हा निर्णय नव्हे. सिलिकॉनचे इम्प्लांट १९६२ पासून वापरात आहेत. अमेरिकेत १९९२ साली केवळ सौंदर्यासाठी ते बसवण्यावर बंदी आली आणि २००६ मध्ये उठली. ते जन्मभरासाठी नसतात. भोवती शरीराने तयार केलेला पापुद्रा कडक होऊ शकतो, इम्प्लांट फाटू शकतो, अंगावर पाजताना अडचण येऊ शकते. तिकडचं औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी पहिली आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवतं. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे लोन फिटेल, पण खर्च चालूच."

प्लास्टिक सर्जनला विचारायचे प्रश्न आम्ही दोघींनी मिळून लिहून काढले. भेटून आली. ठरवलं काहीच नाही.

शेवटच्या भेटीला ती मेनरोडवरची पिशवी घेऊन आली. दुकानातल्या बाईंनी मोठ्या बाजूच्या मापाची ब्रा दिली होती, दुसरीकडे काढता-घालता येणारं पातळ पॅड.

"आणि लोन?"

"फॉर्म आहे अजून पर्समध्ये. लग्नानंतर बघू."