प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी मॅशअप करता येतात का, आणि त्यांचा रोजच्या जीवनात उपयोग काय?

आपण विचारले आहे की, निरनिराळ्या संकेतस्थळांवरील माहिती एकत्र जोडून तयार होणारे मॅशअप अभ्यासाला, प्रवासाला आणि रोजच्या व्यवहाराला खरोखर उपयोगी पडतात का, आणि प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसाला ते करता येतात का. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत भूगोल शिकवतो आणि या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर होकारार्थी आहे. किंबहुना आम्हा सीमाभागातील लोकांना मॅशअपची गरज इतरांहून अधिक आहे, कारण आमच्या उपयोगाची माहिती दोन राज्यांच्या दोन कारभारांत विभागलेली असते आणि ती एका जागी मांडून देणे हे कोणत्याच कार्यालयाचे काम नसते.

मूळ कल्पना साधी आहे. २००५ मध्ये गुगल मॅप्स सुरू झाल्यानंतर थोड्याच काळात पॉल रेडमाकर या प्रोग्रॅमरने क्रेगलिस्ट या संकेतस्थळावरील घरांच्या जाहिराती त्या नकाशावर मांडल्या. जाहिराती एकाच्या, नकाशा दुसऱ्याचा. पण घर नेमके कुठे आहे आणि भाडे किती आहे, हे दोन्ही एकत्र दिसल्यामुळे माणसाचा निर्णय सोपा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये गुगलने नकाशाचा एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला त्या सेवेकडून माहिती घेण्याचा अधिकृत मार्ग, सर्वांसाठी खुला केला. त्या काळी थोडेफार प्रोग्रॅमिंग यावे लागे. आज एक स्प्रेडशीट आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या नकाशावर चालणारे यूमॅपसारखे मोफत साधन एवढ्यावर काम भागते.

शाळेतील उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. उगमाकडे धो धो पाऊस आणि सौंदत्ती, रामदुर्गकडे कोरडवाहू शेती, हे पुस्तकातले वाक्य मुले पाठ करतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पर्जन्यमापन केंद्रासाठी एक ओळ करायची. त्यात ठिकाणाचे नाव, अक्षांश, रेखांश आणि पावसाचा आकडा लिहायचा. ती सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे आकडे स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल म्हणून, जतन करून यूमॅपवर चढवायची. अक्षांश-रेखांशांच्या स्तंभांची शीर्षके रोमन लिपीत ‘लॅट’ (lat) आणि ‘लॉन’ (lon) अशी दिली की साधन ती आपोआप ओळखते. मुलांकडून हे दोन आकडे हमखास उलटसुलट होतात. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांश आणि ७४.५० पूर्व रेखांशावर आहे. आकडे उलटे पडले की बेळगावचा ठिपका थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन बसतो, आणि अक्षांश म्हणजे काय हे त्या क्षणी मुलाला जितके पक्के कळते तितके फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही. ठिपक्यांचा आकार पावसाच्या प्रमाणात ठेवला की सह्याद्रीपासून पूर्वेकडे ते लहान होत जातात. मग सौंदत्तीजवळ नवीलतीर्थ येथे धरण का बांधले, हा प्रश्न मुलेच विचारतात.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच गावाचे कन्नड, मराठी आणि इंग्रजी नाव स्वतंत्रपणे नोंदवता येते. आपल्या परिसरातील गावांची मराठी नावे जिथे नसतील तिथे ती भरणे हे वर्गातील उत्तम काम आहे, आणि त्याचा लाभ पुढच्या प्रत्येक नकाशाला होतो.

प्रवासाचे सांगायचे तर हलशीचे कदंबकालीन मंदिर, बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती, कित्तूरचा किल्ला अशी ठिकाणे एका थरावर, विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहातील छायाचित्रे त्यांना जोडलेली आणि पेट्रोल पंप दुसऱ्या थरावर, असा नकाशा एका संध्याकाळी तयार होतो. जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना वाटेत रेंजचा भरवसा नसतो. त्यामुळे तो नकाशा जीपीएक्स या ठिकाणे आणि वाटा साठवणाऱ्या फाइलच्या स्वरूपात उतरवून ऑसमअँडसारख्या ऑफलाइन ॲपमध्ये आधीच घालून ठेवावा.

मात्र मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो एसटीच्या वेळापत्रकाचा मॅशअप. बेळगावहून कोल्हापूरला वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाड्या जातात आणि महाराष्ट्राच्या एसटीही जातात, पण दोन्ही महामंडळांची वेळापत्रके वेगवेगळी. वेळ, महामंडळ, निपाणी-कागल मार्गे की कसे, असे स्तंभ करून दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि वेळेनुसार लावल्या की कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला स्थानकावर ताटकळावे लागत नाही. सीमाप्रश्न तापला की मात्र दोन्हीकडच्या गाड्या हद्दीपाशीच थांबवल्या जातात आणि त्या दिवशी छापील वेळापत्रक निरुपयोगी ठरते. म्हणून त्या शीटमध्ये ‘आजची स्थिती’ असा स्तंभ ठेवावा आणि तो भरण्याची जबाबदारी रोज ये-जा करणाऱ्या दोघा-तिघांनी घ्यावी.

बाजारभावांचेही तसेच. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे मिळतात. बेळगाव आणि कोल्हापूरचे दर शेजारी ठेवून त्यातून गाडीभाडे वजा केले, तरच ती तुलना शेतकऱ्याच्या कामाची. नुसता कमाल दर पाहून माल पाठवू नये.

एक सावधगिरी आवर्जून बाळगावी. मॅशअप दुसऱ्याच्या सेवेवर उभा असतो. याहू पाइप्स हे असे जोडकाम करणारे लोकप्रिय साधन २००७ मध्ये आले आणि २०१५ मध्ये बंद झाले. त्याबरोबर त्यावर बांधलेली असंख्य कामे थांबली. तेव्हा मूळ सीएसव्ही फाइल आपल्याजवळ ठेवावी, प्रत्येक ओळीपुढे माहिती कोठून आणि कोणत्या तारखेला घेतली ते लिहावे, आणि नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश राहू द्यावा, कारण त्यांच्या परवान्याची ती अट आहे.