स्क्वालीनमध्ये एकही रिंग नाही, मग ते स्टेरॉईडचं नातेवाईक कसं?

तुम्ही विचारलंय की स्क्वालीन हा साधा हायड्रोकार्बन, ना रिंग ना ऑक्सिजन, तरी पुस्तकात त्याला स्टेरॉईडच्या (चार जोडलेल्या रिंगांचा सांगाडा असलेल्या रेणूंच्या) घरातलं का म्हणतात, आणि क्रीमच्या बाटलीवर असतं ते स्क्वालेन म्हणजे हेच का.

मी सांगलीत विश्रामबागला बी.एस्सी.च्या पोरांना ऑरगॅनिक शिकवते, आणि हा माझा सगळ्यात आवडता टॉपिक आहे, त्यामुळे जरा लांब लिहिणार.

आधी साखळी समजून घ्या. सूत्र सी30एच50, सहा डबल बाँड. मी वर्गात दोऱ्यात 24 मणी ओवून नेते आणि 2, 6, 10, 15, 19, 23 नंबरच्या मण्यांना लोकरीचे गोंडे बांधते, ते मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनचा गट). आता अंतरं मोजा, चार, चार, मग मध्येच पाच, परत चार, चार. ही मधली पाचची उडी का? कारण शरीर 15 कार्बनचे दोन सारखे तुकडे (फार्नेसिल पायरोफॉस्फेट) बनवतं आणि ते शेपटीला शेपटी लावून जोडतं. पोरं हे स्वतः मोजून काढतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

आता रिंगा. स्क्वालीन एन्झाइमच्या खोबणीत बसताना दुमडून बसतं. त्याच्या आधी दुसरं एक एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन साखळीच्या एका टोकाला इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचा छोटा त्रिकोण) करतं, आणि मग ते इपॉक्साइड उघडलं की डबल बाँड एकामागोमाग एक गुंतत जातात आणि चार रिंगा होतात, पुढे मिथाइल आणि हायड्रोजन जागा बदलतात, आणि हातात येतं लॅनोस्टेरॉल, म्हणजे चार रिंगांचं पहिलं स्टेरॉल (ओएच असलेलं स्टेरॉईड). गंमत बघा, त्या इपॉक्साइडचं सूत्र सी30एच50ओ आणि लॅनोस्टेरॉलचंही तेच, एक अणू आत आला नाही की बाहेर गेला नाही, फक्त घडी बदलली! पुढे बऱ्याच पायऱ्यांत तीन कार्बन गळतात आणि 27 कार्बनचं कोलेस्टेरॉल होतं, तेही स्टेरॉईडच, म्हणून स्क्वालीन त्या घरातलं. त्याच्या तीन नंबरवरचा ओएच म्हणजे तोच हवेतून आलेला ऑक्सिजन. म्हणून यीस्टला हवा बंद केली की त्याला स्टेरॉल बनवता येत नाही, बाहेरून द्यावं लागतं.

हे काही कागदावर जुळवलेलं नाही. कोनराड ब्लॉख यांनी खुणेचे कार्बन घातलेलं अॅसिटेट (दोन कार्बनचा तुकडा, एक मिथाइल आणि एक कार्बॉक्सिल) वापरून दाखवलं की कोलेस्टेरॉलच्या 27 पैकी 15 कार्बन अॅसिटेटच्या मिथाइलकडून येतात आणि 12 कार्बॉक्सिलकडून. साखळी नेमकी कशी दुमडते याबद्दल रॉबिन्सन यांनी 1934 साली एक घडी सुचवली होती, ती पुढे चुकीची ठरली, 1953 मध्ये वुडवर्ड आणि ब्लॉख यांनी मांडलेली घडी टिकली. ब्लॉख यांना 1964 चं नोबेल मिळालं, लिनेन यांच्यासोबत.

क्रीमवालं स्क्वालेन वेगळं. सहाही डबल बाँड हायड्रोजनने भरले की सी30एच62 होतं, ते स्क्वालेन, हवेत लवकर खराब होत नाही म्हणून कंपन्यांना तेच आवडतं. स्क्वालीन पहिल्यांदा मिळालं 1906 मध्ये जपानच्या त्सुजिमोतो यांना, शार्कच्या लिव्हरच्या तेलात, नावही शार्कवरूनच पडलं. पण आता उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून 15 कार्बनचं फार्नेसीन काढतात, त्याचे दोन-दोन रेणू जोडून हायड्रोजन भरला की स्क्वालेन तयार, शार्क मारायची गरजच नाही. आपल्याकडे घरापासून कारखान्यापर्यंत ऊसच ऊस, म्हणून हे मी मुद्दाम सांगते. राजगिऱ्याच्या तेलातही स्क्वालीन चांगलं असतं.

अजून एक, गजकर्णावर डॉक्टर टर्बिनाफिन देतात ना, ते बुरशीचं इपॉक्साइड बनवणारं एन्झाइमच अडवतं. मग बुरशीत स्क्वालीन साचतं, तिला लागणारं एर्गोस्टेरॉल (बुरशीचं स्वतःचं स्टेरॉल) तयार होत नाही आणि ती मरते.

पेपरात स्ट्रक्चर काढायला आलं तर डबल बाँड 2, 6, 10, 14, 18, 22 वर टाका, मधले चार सगळे ट्रान्स, आणि ती पाचची उडी विसरू नका, पोरं हमखास तिथंच मार्क घालवतात.