विमा कंपनीची किंमत पी/ई बघून ठरवता येते का?

एलआयसीचा शेअर २०२२ मध्ये आला तेव्हा पी/ई, म्हणजे शेअरचा भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट, तो २०० च्या घरात होता, मग ती लूट नव्हती का, असं तुम्ही विचारलंय. आयुर्विम्यात पी/ई बघूच नका. पॉलिसी विकली त्या वर्षी खर्चच जास्त दिसतो, फायदा पुढची वीस वर्षं झिरपत येतो.

मला हे बाबांच्या वहीनं शिकवलं. बाबा मिरजेत एजंट होते, २००९ मध्ये गेले. तेरावा झाला आणि काका आईला म्हणाले, "वहिनी, एजन्सी दादाबरोबर गेली. आता उत्पन्न कुठलं? दुकानातला तुमचा हिस्सा मला देऊन टाका." भाव सांगितला निम्मा. आई सही करायला निघाली होती.

मी त्या रात्री वही घेऊन बसलो. चालू पॉलिसी ४१२. रिन्यूअल कमिशन, म्हणजे जुन्या पॉलिसींचे हप्ते भरले जातील तसं एजंटला मिळणारं, वर्षाला १ लाख १० हजार, आणि एजंट गेल्यावर वारसाला मिळणारं हेरिडेटरी कमिशन म्हणून ते आईला मिळणार होतं. दरवर्षी शंभरातल्या आठ पॉलिसी बंद पडतील असं धरलं, उशिरा येणाऱ्या पैशाला ९ टक्क्यांनी कात्री लावली, १५ वर्षं मोजली. आजची किंमत साडेपाच लाखांच्या आसपास आली. काकांनी ती शून्य धरली होती. आम्ही सही केली नाही.

कंपनीचंही असंच. विकून झालेल्या पॉलिसींतून पुढे भागधारकांना मिळणाऱ्या नफ्याची आजची किंमत, अधिक हातातली निव्वळ मालमत्ता, म्हणजे एम्बेडेड व्हॅल्यू. एलआयसीची सप्टेंबर २०२१ अखेर ५,३९,६८६ कोटी होती, शेअरमागे साधारण ८५३ रुपये. ९४९ ला विकला, म्हणजे १.१ पट. खाजगी कंपन्यांच्या शेअरला त्या वेळी एम्बेडेड व्हॅल्यूच्या दुपटीहून जास्त भाव मिळत होता, कारण उद्या विकल्या जाणाऱ्या पॉलिसी या आकड्यात नसतात आणि नव्या धंद्यावरचं त्यांचं मार्जिन वीस टक्क्यांच्या वर होतं, एलआयसीचं दहाच्या आसपास. म्हणून महाग नव्हता, असं माझं स्पष्ट मत.

पण आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. मार्च २०२१ ला हीच एम्बेडेड व्हॅल्यू ९५,६०५ कोटी होती. सहा महिन्यांत धंदा पाचपट झाला नव्हता; कायदा बदलला, फंडाचे दोन भाग झाले, नफ्यात वाटा मिळणाऱ्या पॉलिसींचा वेगळा आणि न मिळणाऱ्यांचा वेगळा, आणि भागधारकांचा वाटा वाढला. किती पॉलिसी बंद पडतात तेही तपासा, माझ्या वहीतल्या आठाच्या जागी पंधरा धरले की रक्कम कोसळते. आणि हे सगळं आयुर्विम्याचं. गाडी, आरोग्य विकणाऱ्या कंपनीला कम्बाइन्ड रेशो बघायचा, म्हणजे हप्त्याच्या शंभर रुपयांमागे दावे आणि खर्च मिळून किती गेले; तो शंभराच्या वर असेल तर विम्यात तोटा, कमाई गुंतवणुकीवर.

काका अजून लग्नाकार्यात सांगतात की वहिनींना कंपनीनं दयेपोटी पैसे दिले. दया नव्हती ती. बाबांनी लूनावरून खेडी पालथी घालून मिळवलेलं होतं ते. वही माझ्याकडे आहे, काकांनी कधीही येऊन बेरीज तपासावी.