घरगुती फराळाच्या व्यवसायासाठी जाहिरातीचे ईमेल पाठवणे कायदेशीर आहे का, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का?

आपण लिहिले आहे की पुण्यात घरी फराळ करून कुरियरने पाठवण्याचा आपला चार वर्षांचा व्यवसाय आहे, जुन्या ग्राहकांचे सुमारे नऊशे ईमेल पत्ते आपल्याकडे आहेत, त्यांतले बरेच अमेरिका आणि ब्रिटनमधले आहेत, आणि आता कोणीतरी एक लाख पत्त्यांची यादी स्वस्तात देऊ करत आहे. ती यादी घेऊ नका, हे मी सर्वांत आधी सांगतो. मी सोलापुरी चादरी आणि टॉवेल घरपोच विकतो, आणि काही वर्षांपूर्वी अशीच एक यादी विकत घेण्याची चूक मी स्वतः केली आहे.

भारतात नको असलेल्या जाहिरातीच्या ईमेलसाठी वेगळा असा कायदा नाही. ज्या नियमांमुळे आपण डीएनडीमध्ये नाव नोंदवू शकतो, ते दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरतेच आहेत. म्हणून ‘ईमेलला काही बंधन नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर त्या म्हणण्यावर विसंबून राहता येणार नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून व्यावसायिकांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात; म्हणजे तयारीला वेळ आहे, पण फार नाही. एखाद्याचा ईमेल पत्ता ही त्याची वैयक्तिक माहिती ठरते आणि ती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरता येते. कायद्यातच याचे एक बोलके उदाहरण आहे: दुकानात खरेदी करून ग्राहकाने पावती मोबाइलवर पाठवा म्हणून आपली माहिती स्वतःहून दिली, तर दुकानदाराने ती माहिती पावती पाठवण्यासाठी वापरावी. पार्सल कुठवर आले हे कळावे म्हणून ज्याने आपल्याला पत्ता दिला, त्याने दरमहा जाहिरात पाठवण्याची परवानगी दिलेली नाही. ती वेगळी, स्पष्ट शब्दांत मागावी लागेल, आधीच खूण केलेला चौकोन चालणार नाही, आणि परवानगी देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. परवानगीसोबत द्यायची सूचना ग्राहकाला मराठीतही वाचता आली पाहिजे, ही तरतूद मला व्यक्तिशः फार मोलाची वाटते.

परदेशातल्या ग्राहकांच्या बाबतीत पत्र ज्या देशात पोहोचते तिथला कायदा पाहावा लागतो. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी मागायला लावत नाही, पण पाठवणारा कोण हे खोटे सांगू नये, विषयाची ओळ फसवी नसावी, व्यवसायाचा खरा टपाली पत्ता पत्रात असावा आणि कोणी नको म्हटल्यास १० कामकाजाच्या दिवसांत त्याला पाठवणे थांबवावे, असे सांगतो. दंड प्रत्येक ईमेलमागे मोजला जातो. ब्रिटनमध्ये व्यक्तींना पाठवण्यासाठी संमती लागते. मात्र ज्याने आपल्याकडून खरेदी केली आहे त्याला तशाच मालाबद्दल लिहिता येते, अट इतकीच की पत्ता घेताना आणि नंतरच्या प्रत्येक पत्रात नकार देण्याची सोय दिलेली असावी. कॅनडात २०१४ पासूनचा कायदा त्याहून कडक आहे. तिथे खरेदीमुळे गृहीत धरलेली संमती दोन वर्षांत संपते. चार देशांसाठी चार पद्धती सांभाळणे एकट्या व्यावसायिकाला जमणारे नाही, म्हणून मी सगळ्यांना सर्वांत कडक नियमच लावतो आणि निश्चिंत राहतो.

आता उपयोगाविषयी. विकत घेतलेल्या यादीवर मी पत्रे पाठवली तेव्हा बरेच पत्ते बंद पडलेले निघाले, अनेकांनी पत्र ‘स्पॅम’ म्हणून नोंदवले, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यानंतर माझ्या नेहमीच्या ग्राहकांना पाठवलेली बिलेसुद्धा स्पॅमच्या कप्प्यात जाऊ लागली. ईमेल सेवा पाठवणाऱ्याच्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, पत जोखतात आणि ती एकदा गेली की परत मिळवायला महिने लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम उघडपणे मांडले आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी कराव्यात, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे, अशी अपेक्षा आहे. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन! आपल्या नऊशे ग्राहकांपैकी तिघांनी कंटाळून ‘स्पॅम’चे बटण दाबले, तरी आपण ती रेषा ओलांडलेली असेल. आपण दिवसाला पाच हजार पत्रे पाठवणार नाही हे खरे, पण तिन्ही नोंदी करून घ्या. डोमेन जिथून घेतले तिथल्या माणसाला सांगितले तर ते काम तासाभरात होते.

पुण्यातल्या पुण्यात फराळ विकायचा असेल तर ईमेलवर कष्ट घेऊ नका, कारण आपला स्थानिक ग्राहक व्हॉट्सॲपवर आहे. ईमेल खरा उपयोगी पडतो तो परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी आणि कर्मचाऱ्यांना फराळाची खोकी वाटणाऱ्या कार्यालयांसाठी, कारण ही मंडळी सावकाश वाचतात, घरी विचारतात आणि मग मोठी मागणी नोंदवतात. त्यांना गणपतीच्या सुमारास पहिले पत्र जावे, म्हणजे पार्सलला दिवाळीआधी पोहोचायला पुरेसा अवधी मिळतो. त्यात चकली, अनारसे, चिवडा यांचे वजन आणि भाव, कोणता पदार्थ किती दिवस टिकतो आणि शेवटची तारीख इतके साध्या अक्षरांत लिहावे. मजकूर चित्रात घालू नये, कारण चित्र उघडले नाही तर पत्र कोरेच दिसते. पत्र किती जणांनी उघडले या आकड्यावर विसंबू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून असलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाते. किती उत्तरे आली आणि किती मागण्या नोंदल्या गेल्या, एवढेच मी वहीत लिहितो.

आपल्या नऊशे पत्त्यांना आता एकच पत्र पाठवा: आपण कोण, त्यांनी आपल्याकडून कधी काय घेतले, आणि वर्षातून तीन-चार वेळा आपले पत्र आलेले त्यांना चालेल का. सगळे पत्ते एकाच पत्रात घालून सर्वांना दिसतील असे मात्र कधीही पाठवू नका. ग्राहकांची माहिती परस्परांना उघड करणे हाच कायद्याच्या दृष्टीने मोठा दोष आहे. जे ‘हो’ म्हणतील त्यांची तारीखवार नोंद ठेवा. जे उत्तरच देणार नाहीत त्यांना जाहिरात पाठवू नका, मग उरलेली यादी दोनशेची झाली तरी चालेल. मी तसे केले तेव्हा माझी यादी निम्म्याहून लहान झाली होती, पण त्या वर्षी संक्रांतीच्या पत्राला ज्यांनी उत्तर दिले, ते जवळजवळ सगळे आजही चादरी माझ्याकडूनच घेतात.