रशिया-युक्रेन युद्धाला ‘भाऊबंदकी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : रशियन आणि युक्रेनी दोघेही स्लाव, भाषा जवळच्या, १९९१पर्यंत दोघे एकाच सोव्हिएत संघात. मग त्यांच्या युद्धाला ‘भाऊबंदकी’ किंवा ‘यादवी’ म्हटलं तर काय बिघडलं?

माझ्या मते दोन्ही शब्द इथे चुकीचे आहेत. ‘भाऊबंदकी’ तर घातकच.

भाऊबंदकीला एक घराणं लागतं आणि एक वारसा. राघोबादादा आणि नारायणराव यांच्यात भाऊबंदकी होती, कारण पेशवाईची गादी एकच होती. युक्रेनने मॉस्कोच्या गादीवर कधी हक्क सांगितला? त्याला वेगळं राहायचं होतं. डिसेंबर १९९१च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, रशियन वंशाचे लोक बहुसंख्य असलेल्या क्रायमियातही निम्म्याहून जास्त. शिवाय ‘घराणं एकच’ हा या युद्धात एका बाजूचा दावा आहे. रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत, असं सांगणारा लांबलचक लेख पुतिन यांनी जुलै २०२१मध्ये लिहिला. फेब्रुवारी २०२२मध्ये फौजा घुसल्या. हा दावा जुनाच आहे. १८७६मध्ये झारच्या फर्मानाने युक्रेनी भाषेतल्या छपाईवर जवळपास पूर्ण बंदी घातली होती. युक्रेनी माणूस लढतो आहे तो नेमकं हेच नाकारण्यासाठी, आणि आपण ‘भाऊबंदकी’ लिहून ते त्याच्या गळ्यात घालतो.

‘यादवी’ म्हणजे एकाच राज्यातल्या लोकांनी आपसांत लढणं. सीरियाबाबत तो शब्द शोभतो. पूर्व युक्रेनमधल्या २०१४नंतरच्या डोनबासविषयी थोडा वाद होऊ शकतो, कारण किव्हच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्यांत स्थानिक लोकही होते. पण फुटीरांच्या ताब्यातल्या त्या भागावर ११ मे २०१४पासून रशियाचंच प्रभावी नियंत्रण होतं, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने म्हटलं आहे. २०२२नंतर तर प्रश्नच उरत नाही.

शब्द बदलला की रशियावरच्या निर्बंधांचा अर्थही बदलतो, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घरातलं भांडण म्हटलं की बाहेरच्याने घातलेले निर्बंध ही लुडबुड ठरते. सार्वभौम देशावरचं आक्रमण म्हटलं की तेच निर्बंध दुबळ्या बाजूला दिलेला आधार ठरतात. १९९४च्या बुडापेस्ट करारनाम्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सीमांचा आदर करण्याची हमी दिली आणि युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली. तिथून पुढे हे दोन शेजारी बरोबरीचे राहिलेच नाहीत. सुरक्षा परिषदेत रशियाकडे नकाराधिकार, म्हणून तिथून निर्बंध येणं शक्यच नव्हतं. आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला. भारत तटस्थ राहिला. निर्बंध घातले ते अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन, जपान अशांनी, आपापल्या कायद्याने. त्यामुळे ‘संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध’ असं कुणी लिहिलं तर तेही खोडावं. रशियन मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर ‘गोठवले’ म्हणावं, ‘जप्त केले’ नाही. मालकी अजून रशियाचीच आहे.

तेव्हा मथळ्यात ‘रशियाचं आक्रमण’ आणि पुढच्या मजकुरात ‘युद्ध’ लिहावं. सीमेच्या दोन्ही बाजूंना सख्खे नातेवाईक असलेली कुटुंबं खूप आहेत. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘ताटातूट’ म्हणावं; भाऊबंदकी त्यांच्यातही नाही.