वाचकांचे प्रश्न : लोकगीत आणि आयुष्यभराचा श्रोता

प्रश्न : एका लोकगायिकेचे गाणे मी विशीत प्रथम ऐकले आणि तेव्हापासून जमेल तेव्हा त्यांच्या कार्यक्रमांना जात आलो आहे. आता त्यांचा आवाज उतरला आहे, काही कडवी त्या गाळतात, तरीही तेच गाणे मला पूर्वीपेक्षा अधिक भिडते. घरचे म्हणतात की हे निव्वळ स्मरणरंजन आहे. तसे असेल तर जुने ध्वनिमुद्रण ऐकूनही तोच अनुभव यायला हवा. तो मात्र येत नाही. असे का व्हावे?

उत्तर : आपल्या घरच्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे, आणि त्या वयात ऐकलेली गाणीही याला अपवाद नाहीत. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या तरुणांना मागच्या अनेक दशकांतली गाणी ऐकवली होती. तेव्हा स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तारुण्यातली गाणीही त्यांना जवळची वाटत असल्याचे दिसून आले. ती लोकगीते नव्हती, बाजारात गाजलेली गाणी होती, हे खरे. पण जी गाणी ऐकणाऱ्याच्या जन्माआधीची आहेत, त्यांच्याविषयीची ओढ केवळ स्वतःच्या तारुण्याच्या आठवणीतून आलेली असू शकत नाही. ती कोणाच्या तरी सहवासातून आलेली असते.

उरलेले निम्मे उत्तर लोकसंगीताच्या घडणीत आहे. १९४७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ मध्ये साओ पाउलो येथे लोकसंगीताची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात मौखिक परंपरेला घडवणारे तीन घटक सांगितले होते : भूतकाळाशी जोडणारे सातत्य, व्यक्तीच्या किंवा समूहाच्या सर्जक प्रेरणेतून येणारा बदल आणि समाजाने केलेली निवड. हीच तीन तत्त्वे इंग्लंडमधले संग्राहक सेसिल शार्प यांनी १९०७ मध्येच मांडली होती. पहिल्या दोन घटकांवर खूप लिहिले जाते. तिसऱ्याकडे, माझ्या मते, पुरेसे लक्ष दिले जात नाही. निवड करणारा समाज म्हणजे अखेर समोर बसलेले श्रोतेच. जे कडवे कोणी पुन्हा म्हणायला सांगत नाही ते हळूहळू गळून पडते, आणि ज्या ओळीवर माना डोलतात ती ओळ टिकते. आपण इतकी वर्षे ज्या गाण्याला दाद देत आलात, त्याच्या आजच्या रूपात आपलाही हात आहे.

या देवाणघेवाणीचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास मिलमन पॅरी आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांचा आहे. युगोस्लाव्हियातले गायक गुस्ले या तंतुवाद्याच्या साथीवर दीर्घ कथागीते गात. पॅरींनी ती १९३३ ते १९३५ या काळात ध्वनिमुद्रित केली. गाणे किती लांबवायचे, वर्णन कुठे फुलवायचे आणि कथा कुठे उरकायची, हे गायक पुष्कळ अंशी श्रोत्यांची चलबिचल पाहून ठरवत, असे लॉर्ड यांनी नोंदवले आहे. डेमाइल झोगिच या गायकाने १९३४ मध्ये असे ठामपणे सांगितले होते की वीस वर्षांनंतरही आपण हे गाणे शब्दन् शब्द असेच गाऊ. लॉर्ड यांनी १९५१ मध्ये तेच गाणे त्याच्याकडून पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ते आधीच्या गाण्याच्या फार जवळ होते, कथेतली एक जुनी विसंगतीसुद्धा जशीच्या तशी टिकली होती. पण शब्दन् शब्द मात्र ते तेच नव्हते. तरीही झोगिच खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्याच्या लेखी ‘तेच गाणे’ म्हणजे तीच कथा, तिच्या परंपरेशी प्रामाणिक राहून सांगितलेली. शब्दांची हुबेहूब नक्कल ही छापील पुस्तकावर आणि ध्वनिमुद्रणावर पोसलेल्या आपल्यासारख्यांची अपेक्षा आहे.

ध्वनिमुद्रण आपल्याला अपुरे का वाटते, याचे उत्तर यातच आहे. त्यात गायिकेचा त्या दिवशीचा आवाज आहे, पण आपल्याकडे पाहून तिने घेतलेला निर्णय नाही. संशोधकाला त्याचे मोल फार मोठे आहे, आणि तसे नसते तर झोगिचच्या दोन गायनांची तुलनाही झाली नसती. परंतु आपली दाद त्या गाण्याला आता बदलू शकत नाही.

आवाज उतरण्याविषयी एवढेच सांगतो की लोकगीत वाढत्या वयाला पुष्कळ सांभाळून घेते. बहुतेक चाली मोजक्या स्वरांत फिरतात, पट्टी खाली घेता येते, आणि ध्रुवपद येताच झील धरणारे सोबतीला असतात, त्यामुळे गायिकेला श्वास घ्यायला उसंत मिळते. गाळलेली कडवी आपल्याला पाठ असतील, तर तीही मनातल्या मनात पूर्ण होतात. नव्या श्रोत्याला ही सोय नसते, म्हणून त्याच मैफलीत त्याला कदाचित थकलेला आवाजच ऐकू येईल.

प्रश्न : समूहाने ध्रुवपद म्हणायची वेळ आली की मी गप्प बसते, कारण माझा आवाज बेसूर आहे. नुसते ऐकले तर चालणार नाही का?

उत्तर : अवश्य चालेल; मन लावून ऐकणारा श्रोता गायकाला हवाच असतो. मात्र बेसूर आवाजाची भीती अनाठायी आहे. आयलुनेड पियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांच्या गायनवर्गांची तुलना हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी केली होती. गाणाऱ्यांमध्ये आपुलकी अधिक लवकर निर्माण झाली. सात महिन्यांच्या अखेरीस मात्र सर्वच गट जवळपास सारखे जुळले होते, म्हणून गाण्यालाच काही चमत्कारी शक्ती आहे असे समजू नये. समूहात शेजारच्याचा सूर कानावर पडत असल्याने आपला सूरही बराच सावरतो. पहिल्या वेळी फक्त टाळीने ठेका धरावा, पुढच्या वेळी ध्रुवपदाचा शेवटचा शब्द म्हणून पाहावा, आणि तेवढ्यावरच थांबावेसे वाटले तर खुशाल थांबावे.